ठेकेदाराकडे अडकलेला पगार कायद्याने कसा मिळवावा

वाळूज, शेंद्रा, जालना किंवा लातूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हजेरीवर काम करणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. ठेकेदार बदलतो आणि मागचे दोन-तीन महिन्यांचे वेतन मध्येच अडकते. जुना ठेकेदार फोन उचलत नाही आणि कंपनी सांगते की तुमचे नाव आमच्या पटावरच नाही. बीड-परभणीकडच्या गावांतून येऊन रांजणगावात खोली भाड्याने घेतलेल्या कुटुंबाला दोन महिने पगाराविना काढणे अशक्य असते, म्हणून बहुतेक जण भांडण सोडून दुसरीकडे कामाला लागतात. पैसे सोडून देण्याचे मात्र काहीच कारण नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली असून, मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत देणे आणि काम सुटल्यास किंवा राजीनामा दिल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करणे बंधनकारक आहे. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत काम केले तिच्या मालकावर ती जबाबदारी येते.

सर्वांत जास्त कष्ट पुरावा जमवण्यावर घ्यावेत, कारण बहुतेक प्रकरणे येथेच ढिली पडतात. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. परंतु आपण तेथे कामाला होतो, हे आधी कामगारालाच दाखवावे लागते. माझ्या मते पीएफचे पासबुक हा सर्वांत भक्कम कागद आहे, कारण त्यातील प्रत्येक महिन्याची नोंद मालकाने स्वतःच भरलेल्या रकमेवरून झालेली असते आणि आस्थापनेचे नावही त्यात असते. ते सरकारच्या उमंग ॲपवरून काढता येते. त्याखालोखाल ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी आणि गेटपास यांचे महत्त्व आहे. पीएफ कापलाच जात नसेल, तर गेटपासचे दोन्ही बाजूंचे फोटो, हजेरीकार्ड, कंपनीच्या बसचा पास आणि सुपरवायझरने शिफ्ट कळवलेले व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवावेत. संदेशांचे केवळ स्क्रीनशॉट न ठेवता मूळ संदेश ज्यात आहेत तो फोनही सांभाळावा. हे सर्व काम सुरू असतानाच करावे, कारण काम सुटताच गेटपास परत घेतला जातो आणि सुपरवायझर आपल्याला ग्रुपमधून काढून टाकतो.

'ट्रेनी' असे नाव देऊन नेमलेल्यांनी घाबरून माघार घेऊ नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर करार झालेला उमेदवार संहितेच्या 'कर्मचारी' या व्याख्येबाहेर आहे हे खरे. परंतु असा करारच नसेल आणि प्रत्यक्षात लाइनवर पूर्ण उत्पादन काढून घेतले जात असेल, तर नुसत्या नावाने हक्क जात नाही.

यानंतर हिशेब एका कागदावर मांडावा. समजा, महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे. २६ दिवसांनी भागल्यास रोज ६०० रुपये आणि आठ तासांच्या हिशेबाने तासाला ७५ रुपये होतात. दोन महिने आणि ११ दिवसांचे ३७,८०० रुपये झाले. त्यात २४ तासांचा ओव्हरटाइम असेल, तर तो दुप्पट दराने, म्हणजे तासाला १५० रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये होतो आणि एकूण मागणी ४१,४०० रुपयांची ठरते. घेतलेली उचल आणि खाड्यांचे दिवस प्रामाणिकपणे वजा दाखवावेत. एक आकडा फुगवलेला सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

हा हिशेब जोडून ठेकेदार आणि कंपनी या दोघांच्याही नावे मागणीपत्र लिहावे. ते हाती दिल्यास दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नाकारल्यास पत्र टपालाने पाठवावे. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे पत्र पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्ट करून पावती जपावी. या काळात कोऱ्या व्हाउचरवर किंवा 'संपूर्ण हिशेब मिळाला' अशा मजकुराखाली सही करू नये. अर्धी रक्कम मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी, मात्र सहीजवळ 'उर्वरित रकमेचा हक्क राखून' असे स्वतःच्या अक्षरात लिहावे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन वेतनाच्या दाव्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. कामगार स्वतः, त्याची युनियन किंवा निरीक्षक असा अर्ज करू शकतात, आणि एकाच आस्थापनेतील अनेकांसाठी एकच अर्ज चालतो. दहा जण अडकले असतील तर दहा जणांनी मिळूनच जावे, कारण एकट्याला दमदाटी करणे सोपे असते. असा अर्ज करण्याची पूर्वी बारा महिन्यांची असलेली मुदत आता तीन वर्षांची आहे. अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर करू शकतो, आणि आदेशानंतरही पैसे न दिल्यास वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वकिलाची गरज वाटल्यास तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. नोकरीवर परत घेण्याची मागणी मात्र या अर्जात बसत नाही. तिच्यासाठी औद्योगिक विवादाचा वेगळा मार्ग धरावा लागतो.

लहान कारखानदारांनाही हाच कायदा लागू आहे, आणि पगार दिल्याचे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे हे त्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. रोखीने दिलेला आणि सही न घेतलेला पगार चौकशीत न दिल्यासारखाच ठरू शकतो. म्हणून पगार बँकेतून द्यावा, दरमहा पगारस्लिप द्यावी, उचलीची नोंद तारखेसह ठेवावी आणि एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये. ठेकेदारामार्फत माणसे घेतली असतील, तर त्याचे चालू महिन्याचे बिल काढण्यापूर्वी मागील महिन्याचा पगार प्रत्येकाच्या खात्यात गेल्याचा बँकेचा तपशील आणि पीएफचे चलन मागून घ्यावे, आणि ही अट ठेक्याच्या करारातच लिहून ठेवावी.