आधी पाठ, मग धार

पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, बोथट झाली की बहुतेक जण उतार, म्हणजे टोकाची तिरपी बाजू, घासायला घेतात. मी आधी पाठ बघतो, म्हणजे उताराच्या उलटची सपाट बाजू. धार ही दोन बाजू भेटतात ती रेघ. एक बाजू खडबडीत ठेवून दुसरीला कितीही घासा, धार खडबडीतच येणार.

१००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) पाणी लावून वापरायच्या दगडावर पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग पालथा ठेवून घासा. सगळीकडे एकसारखी छटा आली पाहिजे. पहिल्यांदा मी तासभर घासून पटाशी उस्तादांना दाखवली. त्यांनी ती उजेडात तिरपी धरली आणि म्हणाले, "कोपरा राहिलाय." एवढंच. फार राग आला होता. पण हे काम नीट केलं तर एका पटाशीला एकदाच करावं लागतं.

उताराला कोनमापक नको. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट भरली की कोन ३० अंश. ठोकून खाच पाडायला तो बरा. नुसत्या हाताने तासायचं असेल तर २५ अंश, म्हणजे लांबी अडीचपटीला जरा कमी. उतारावर मार्कर फिरवा आणि घासा. शाई कुठे उरली ते बघा, हात कुठे डुलतो ते कळतं.

पाठीवर बारीक कड उलटेपर्यंत घासायचं. ती चाचपताना अंगठा पाठीवरून धारेच्या बाहेर न्या, धारेच्या लांबीने कधीही नाही. मग ६००० चा दगड: उतार, पाठ, उतार, पाठ, कड निघून जाईपर्यंत.

विजेच्या सहाणेवर घाई केलीत तर टोक निळं पडतं. साध्या कार्बन पोलादाचं तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा. तेवढा भाग घासून काढण्याला पर्याय नाही.

हातावरचे केस भादरून धार दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्यातून मला त्यांच्या हाताचं टक्कल तेवढं दिसतं. धार दिव्याखाली धरा: बोथट जागा चकाकते, तीक्ष्ण धार दिसतच नाही. मग मऊ लाकडाचा आडवा छेद, म्हणजे रेष्यांना आडवं कापलेलं टोक, तासा. रेषे पांढरे, फाटलेले निघाले तर परत दगडावर.

कुसू, म्हणजे सांध्यातली लाकडाची जीभ, खाचेत बसल्यावर आतला छेद कुणी बघणार नाही, हे खरं. पण फाटक्या रेष्यांवर सरस नीट धरत नाही. म्हणून काम करताना हाताला जोर वाढवावासा वाटला की मी थांबतो. ६००० वर दहा घासे, आणि पुन्हा कामाला.