तालीम सुटली, खुराक सुटला नाही: कोल्हापुरी ताटातूनच वजन उतरवण्याची रीत

कोल्हापूरचं जेवण राबणाऱ्या माणसाचं आहे. पहाटे तालमीत शेकड्यांनी जोर-बैठका मारणारा किंवा दिवसभर उसाच्या फडात, गुऱ्हाळावर खपणारा माणूस तांब्याभर म्हशीचं दूध, मटण आणि तीन-चार भाकरी सहज जिरवायचा. आता त्याच घरातला माणूस दुकानाच्या गल्ल्यावर, एमआयडीसीत मशीनपुढे किंवा मोटरसायकलवर असतो. तालीम सुटली, खुराक मात्र तोच राहिला. बहुतेक घरांत वजन इथून वाढतं, आणि दुरुस्तीही इथूनच करावी लागते. मिसळ-मटण कायमचं बंद करून वजन उतरवायला निघालेला माणूस फार दिवस टिकत नाही. ताट तेच ठेवून तेल, साखर आणि माप बदललं तर ते वर्षानुवर्षं चालतं.

आधी मोजा

वजन किलोमध्ये घ्या आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो असेल तर ६८ भागिले १.६, पुन्हा भागिले १.६, म्हणजे साधारण २६.६. हा बीएमआय. जगभर २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी या मर्यादा २३ आणि २५ आहेत. कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. ही चरबी पोटात, यकृताभोवती साठते, त्यामुळे मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात.

म्हणून कंबर मोजणं वजनाइतकंच महत्त्वाचं. पॅन्टचा पट्टा जिथे बसतो तिथे मोजू नका. पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा खाली घसरलेला असतो आणि माप खोटं येतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि आकडा वाचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की धोका सुरू होतो. हातपाय बारीक, बीएमआय बरा, पण कंबर ९५ असेल तर तेही लठ्ठपणातच धरा.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी करा. रोज काट्यावर उभं राहिलं की मीठ-पाण्याने होणारा चढउतारच दिसतो आणि माणूस वैतागतो. सहा महिन्यांत पाच ते दहा टक्के वजन उतरवणं हे पहिलं लक्ष्य ठेवा. ६८ किलोच्या माणसासाठी ते साडेतीन ते सात किलो होतं. एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी यांत फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती. त्यासाठी रोज साधारण ५०० कॅलरी कमी जायला हव्यात, आणि त्या कुठे सापडतात ते पुढे पाहू.

तेलाचा हिशेब महिन्याने

एक चहाचा चमचा तेल म्हणजे जवळपास ४० कॅलरी. फोडणी टाकताना बुधलीतून थेट कढईत ओतलेलं तेल कुणी मोजत नाही, म्हणून ‘आमच्यात तेल कमीच असतं’ असं प्रत्येक घरात सांगतात. खरं उत्तर तेलाच्या पिशवीवर मिळतं: पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख पेनाने लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात तेल आणि तूप मिळून महिन्याला तीन लिटरच्या आसपास पुरलं पाहिजे. पाच-सहा लिटर लागत असेल तर वजन कुठून येतं याचा शोध संपला. शेंगतेल, घाण्याचं तेल, तूप, कुठलंही घ्या, कॅलरी तेवढ्याच; घाण्याचं आहे म्हणून सढळ हाताने ओतायला मुभा नाही.

रोजचं तेल सकाळी एका छोट्या वाटीत काढून ठेवा: माणशी चार चमचे. स्वयंपाक त्यातच उरकायचा. पहिला आठवडा जड जातो, कारण कांदा करपतो. त्यावर उपाय म्हणजे आच मंद ठेवायची, झाकण ठेवायचं आणि कोरडं पडलं की तेलाऐवजी दोन चमचे पाणी शिंपडायचं.

मिसळ, पण मोजून

मिसळीतली मटकी हा त्यातला सर्वांत चांगला भाग, आणि नेमकी तीच ताटलीत कमी असते. वजन वाढवतात ते फरसाण आणि कटावरचा, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्शावरचा, तेलाचा तवंग. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम फरसाणात पावणेतीनशे कॅलरी जातात. दोन मोठे चमचे तेलाचा तवंग असेल तर अडीचशे आणखी. त्यावर ब्रेडच्या स्लाइस.

घरी चार जणांसाठी २०० ग्रॅम मटकी आठ-दहा तास भिजवा आणि फडक्यात बांधून मोड आणा. कटासाठी दोन कांदे, २० ग्रॅम सुकं खोबरं, आलं आणि लसूण तव्यावर बिनतेलाचं भाजून दोन टोमॅटोंबरोबर वाटा. तीन चमचे तेलात मोहरी, जिरं टाकून वाटण परता. कांदा-लसूण चटणी थेट कमी तेलात टाकली की लगेच जळते आणि कट कडवट होतो. म्हणून दोन चमचे चटणी आधी थोड्या पाण्यात कालवून मग घाला. मटकी आणि पाणी घालून शिजवा.

आता रंगाचं. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. तेल कमी केलं की कट फिका दिसतो आणि घरचे नाक मुरडतात. शेवटी एक चमचा तेल पळीत गरम करा, गॅस बंद करा, तेल थोडं निवलं की त्यात पाव चमचा बेडगी मिरचीची पूड टाका आणि लगेच कटावर ओता. एका चमच्यात अख्ख्या पातेल्यावर लाल तवंग दिसतो. फरसाण दोन चमचे, शेवटी. ब्रेड दोन स्लाइस. वर कांदा आणि लिंबू हवा तेवढा. बाहेर खाताना कट वेगळा मागा, वरचा तवंग चमच्याने बाजूला काढा आणि कट पुन्हा घेतला तरी फरसाण पुन्हा घेऊ नका.

रविवारचं मटण

माणशी १०० ते १२५ ग्रॅम कच्चं मटण पुरे, चरबीचे तुकडे काढून टाकून. मटण आदल्या रात्री मीठ, हळद, आलं-लसूण लावून शिजवा आणि अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, गाळून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी चरबी गोठलेली असते. ती पापडासारखी उचलून टाकता येते. मग त्याच अळणीचा तांबडा आणि पांढरा रस्सा करा. चवीत फार कमी फरक पडतो, कारण मटणाची चव बरीचशी खालच्या पाण्यात असते.

पांढऱ्या रश्शाने मात्र फसगत होते. तो पातळ, सौम्य, म्हणून लोक वाटीवर वाटी पितात. पण त्यात नारळाचं दूध असतं, शिवाय काजू, खसखस किंवा तीळ असतात. एक वाटी पांढरा, मग हवी तेवढी चरबी काढलेली अळणी. ताटात आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग मटण, भाकरी एक, भात अर्धी वाटी. उलट क्रमाने, म्हणजे रस्सा-भाताने सुरुवात केली की भात दोनदा घेतला जातो.

रोजच्या ताटातला असमतोल

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेलं २००० कॅलरींचं दिवसाचं ताट कच्च्या मालाच्या वजनाने असं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-बदाम ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. आपल्याकडे धान्य आणि तेल याच्या वर, डाळ आणि भाजी याच्या फार खाली. आमटी म्हणजे पाण्यात शोधावी लागणारी डाळ. कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरची भाजी, म्हणून बटाटा. मटण-अंडी ठरलेल्या वारी, इतर दिवशी प्रथिनांचा पत्ता नाही.

आपल्या घरची एक भाकरी किती पिठाची असते ते एकदा काट्यावर ठेवून बघा. ८० ग्रॅम पीठ निघालं तर ती पावणेतीनशे कॅलरींची आहे. ज्वारी चांगलीच, पण पचायला हलकी म्हणून ती मोजायची नाही असं नाही. वजन उतरवताना दिवसाला १५० ते १८० ग्रॅम धान्यावर या. डाळ आणि भाजी मात्र अजिबात कमी करू नका, वाढवा. मंडईत मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, कांद्याची पात, घेवडा मिळतो. दोन्ही जेवणांत दोन-दोन वाट्या माळवं (भाजी) आणि एक वाटी घट्ट उसळ, डाळकांदा किंवा झुणका असला की दुसऱ्या भाकरीची आठवण होत नाही. कुळथाचं माडगं (पातळ कढण) संध्याकाळच्या फरसाणाची जागा चांगली घेतं.

बायकांच्या ताटाबद्दल वेगळं बोललं पाहिजे. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, उरलेली भाकरी-भात आणि तळाची आमटी खायची, उसळ संपलेली. अशाने वजन वाढतं आणि हिमोग्लोबिनही घटतं, दोन्ही एकाच शरीरात. थकवा येतो म्हणून ताकदीला शिरा, लाडू सुरू होतात. घरात उसळ आणि अंडी माणशी वाटून बाजूला काढा, आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

उपासाला साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचा कीस नेहमीच्या जेवणापेक्षा जड पडतात. वरी, ताक, काकडी, फळं असा उपास करा.

गूळ, चहा, दूध

कोल्हापुरी गूळ आपला अभिमान आहे, तरी कॅलरीत तो साखरेच्या जवळपासच आहे. ‘साखर बंद केली, गुळाचा चहा घेतो’ याने वजन हलत नाही. वरून घेतलेली सगळी साखर आणि गूळ मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे पाच चमचे. दोन चमचे साखरेचे चार चहा ४० ग्रॅमवर नेतात. एकदम बंद करू नका. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. उसाच्या रसाच्या एका ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते.

कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं धारोष्ण म्हशीचं दूध सहा-सात टक्के फॅटचं असतं आणि मोठ्या ग्लासात अडीचशे कॅलरी जातात. न उकळलेल्या दुधातून आजारही होऊ शकतात. घरी दूध उकळा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, साय काढा, पुन्हा उकळून पुन्हा काढा.

चालणं आणि जोर-बैठका

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. अर्ध्या तासात सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. रंकाळ्यावर चालून झाल्यावर एक बटाटावडा खाल्ला की तेवढ्या परत आल्या. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही, पण उतरलेलं टिकवायला ते लागतंच.

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ते वाचवायला आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका हव्यात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा दहा वेळा आणि भिंतीला टेकून जोर दहा, असे तीन फेरे. काही आठवड्यांनी वजन थांबतं. हलक्या शरीराला कमी लागतं आणि मापंही सैल झालेली असतात. आणखी उपाशी राहू नका. तेलाची वाटी आणि भाकरीचं पीठ पुन्हा मोजा.

मुलं

वाढत्या मुलाला डाएटवर घालू नका. उंची वाढेपर्यंत वजन आहे तिथे थोपवलं की बरंच काम होतं. रोज तासभर मैदानावर खेळ, चिप्सच्या पुड्या आणि रंगीत पेयं घरात आणायची नाहीत, टीव्हीपुढे जेवण नाही. मुलाच्या मानेमागे घासूनही न जाणारा काळपट, मखमली पट्टा दिसला तर तो मळ नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टरांकडे केव्हा

बीएमआय २५ च्या वर किंवा कंबर मर्यादेबाहेर असेल तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृत) आणि टीएसएच (थायरॉइड) तपासा. तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. कमी वेळात भरपूर वजन वाढलं, पाळी अनियमित झाली, मोठ्याने घोरून झोपेत श्वास अडकतो किंवा स्टेरॉइड, मानसिक आजार वा फिट्सची औषधं चालू आहेत, तर थांबू नका. औषध स्वतःहून बंदही करू नका.

२०२५ पासून सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं वजनासाठी भारतात मिळू लागली आहेत. ती भूक कमी करतात आणि वजन खरोखर उतरवतात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, प्रथिनं कमी पडली तर स्नायू झडतात आणि बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. गरोदरपणात, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल तर ती टाळतात. मेडिकलमधून परस्पर घेण्याची ही औषधं नव्हेत. बीएमआय ३७.५ च्या वर किंवा मधुमेहासह ३२.५ च्या वर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यानंतर बी१२, लोह, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. तोच डोस आणि कमी भाकरी यांनी साखर एकदम उतरते: घाम, थरथर, छातीत धडधड. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा आणि मग काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा.