गल्फला कामाला जायचंय? एजंटाला पैसे द्यायच्या आधी एवढं बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम केलेली पोरं, आयटीआय झालेले वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, यांना कुणी ना कुणी एकदा तरी विचारलेलं असतंय, "दुबईला जातोस काय, व्हिसा तयार हाय." माझा मावसभाऊ असाच गेला. ओळखीतल्याच एकाने व्हिजिट व्हिसावर पाठवला, तिकडं पोचलास की परमिट होतंय म्हणाला. मोल्डरचं, म्हणजे ओतकामाचे साचे करायचं काम सांगितलेलं आणि तिथं साफसफाईला लावला, पगार ठरल्याच्या निम्मा, आणि तक्रार करायला गेला तर हातात एक कागद नाही. तेव्हापासून मी हे सगळं शोधून शोधून वाचलंय आणि एक गोष्ट पक्की कळली, कामगारांसाठी विमा, तक्रार, कोर्टाचा खर्च, बऱ्याच सोयी आहेत, पण त्यातल्या बहुतेक तुम्ही कामगार म्हणून कागदोपत्री गेलात तरच मिळतात.

सुरुवात पासपोर्टपासून करा. पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीला परदेशी जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असं, लिहिलंय का ते बघा. साधारणपणे दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ते असतंय. सौदी, युएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया असे एकूण 18 देश आहेत, तिथं ईसीआर पासपोर्टवर नोकरीला जायचं तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारी क्लिअरन्स लागतो. दहावी झालीय तरी चुकून ईसीआर आला असेल तर सर्टिफिकेट दाखवून पासपोर्ट बदलून घेता येतो. पण एक सांगतो, क्लिअरन्स म्हणजे कटकट असं समजू नका. त्यात तुमचं कॉन्ट्रॅक्ट, मालक, एजंट सगळं सरकारच्या सिस्टिममध्ये येतं. दहावी पास असाल तर क्लिअरन्स लागत नाही, म्हणजे तुमचे कागद कुणी तपासणारच नाही, मग ते तुम्हालाच तपासावे लागणार.

आता एजंट. ई-मायग्रेट नावाची सरकारी वेबसाईट आहे, तिथं रजिस्टर्ड एजंटांची यादी असते. नाव आणि लायसन नंबर दोन्ही टाकून बघा, आणि लायसन चालू आहे का सस्पेंड झालंय तेही बघा, कारण जुन्या लायसनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणारे लई आहेत. "मी मुंबईच्या ऑफिसचा माणूस" म्हणणाऱ्या सब-एजंटला कायद्यात जागा नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने एक रात्र घालवा, मुंबईतल्या ऑफिसात स्वतः जाऊन या, तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत.

फी किती? जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. पावती घेतल्याशिवाय देऊ नका, बँकेतूनच द्या. खरं तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1997 चा 181 नंबरचा करार सांगतो की एजंटाने कामगाराकडून फी घ्यायचीच नाही. भारताने त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही, ती उमटवावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे लोक सोनं गहाण टाकून, सावकाराकडून व्याजाने काढून हे पैसे भरतात आणि मग पहिलं वर्ष नुसतं कर्ज फेडण्यात जातं.

कॉन्ट्रॅक्टवर जरा थांबा, इथं सगळ्यात जास्त फसतात. पगार किती हे विचारून भागत नाही, बेसिक, म्हणजे अलाउन्स (भत्ते) सोडून मूळ पगार, किती ते विचारा. युएईत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचं बेसिक आणि पुढं 30 दिवसांचं. ओव्हरटाईमसुद्धा बेसिकवरच. म्हणून 1500 दिरहॅम सांगून त्यात बेसिक 600 आणि बाकी अलाउन्स असं लिहून आणलं तर हिशेब करून बघा वर्षाला किती जातात. कतारात मार्च 2021 पासून किमान बेसिक 1000 रियाल आहे, आणि मालक राहायला, जेवायला देत नसेल तर 500 आणि 300 वेगळे, त्याच्या खाली सही करायचीच नाही. रोजचे तास, सुट्टी, राहायची सोय, परतीचं तिकीट कोण देणार हे लिहिलेलं पाहिजे. आणि तिथं गेल्यावर दुसरं कॉन्ट्रॅक्ट पुढं केलं तर सही करायच्या आधी जुन्याशी जुळवून बघा, जुळत नसेल तर सही नाही. पासपोर्ट मालकाने काढून ठेवणं तिथल्या कायद्यातही चालत नाही.

ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे, दोन वर्षांचे 275 रुपये, तीन वर्षांचे 375. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. मालक बदलला तरी विमा चालू राहतो. पॉलिसीची कॉपी घरी आई किंवा बायकोकडे ठेवा, कारण क्लेम करायची वेळ आली तर तो घरच्यांनाच करावा लागतो. जायच्या आधी सरकारचं एक दिवसाचं फुकट ट्रेनिंग असतं, तिथं त्या देशाचे नियम सांगतात, ते चुकवू नका.

गल्फच एकमेव रस्ता आहे असं नाही. जानेवारी 2021 मध्ये भारत आणि जपानने कुशल कामगारांचा करार केलाय, त्यात नर्सिंग केअर, शेती, बांधकाम आणि कास्टिंगचं कामही बसतं. जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते, वर्षभर घासावं लागेल, पण आपल्या फौंड्रीतल्या पोरांनी याकडे नीट बघायला पाहिजे.

पैसे पाठवायचं थोडक्यात. निघायच्या आधी एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) उघडायचं बँकेत विचारून ठेवा, त्याच्या व्याजावर टॅक्स नाही. पाठवताना नुसती फी बघू नका, त्या दिवसाचा रेट पण बघा, "झिरो फी" म्हणणारे रेटमध्ये काढून घेतात. पैसे पाठवायचा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांच्या खाली आणायचं असं संयुक्त राष्ट्रांचं ठरलंय, तोवर दोन-तीन ठिकाणी विचारूनच पाठवा. हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरून कुणाच्या तरी हाती, पाठवू नका, पैसे बुडाले तर दाद कुठं मागणार.

आणि काही बिनसलंच तर परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे, त्यावर घरचे इथं कोल्हापुरात बसूनही तक्रार टाकू शकतात, भारतातून 1800-11-3090 हा टोल फ्री नंबर आहे. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, पावती आणि कंपनीचा पत्ता या सगळ्याच्या झेरॉक्स एका फाईलला लावून निघायच्या आदल्या दिवशी घरच्यांच्या हातात द्या, आणि त्यातला कुठला कागद कशासाठी लागतो ते त्यांच्याजवळ बसून समजावून सांगा. माझ्या मावशीकडे यातला एकही कागद नव्हता.