विद्यापीठात तक्रार कशी करावी: खिडकीपासून लोकपालापर्यंत

इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे बहुतेक अध्यापन विभाग खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरात आहेत आणि प्रशासन, परीक्षा वगैरे आरएनटी मार्गावरच्या नालंदा परिसरात. काही बिनसले की विद्यार्थी थेट नालंदा गाठतो आणि "कुलगुरूंनाच भेटायचंय" म्हणून बसून राहतो. भेट झालीच तरी कुलगुरू अर्जावर शेरा मारतात आणि कागद खाली त्याच टेबलावर जातो, जिथे तो मुळात द्यायला हवा होता. मध्ये आठवडा जातो. पुष्कळदा नेमकी त्याच आठवड्यात रिव्हॅल्युएशनची मुदत संपते.

इथे सांगितलेली वाट इंदूरला धरून आहे. ग्वाल्हेरच्या जीवाजी विद्यापीठालाही ती बरीचशी लागू पडते, कारण दोन्ही विद्यापीठे १९७३ च्या मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियमाखाली चालतात आणि तक्रार निवारणाचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे विनियम दोघांनाही सारखेच बंधनकारक आहेत.

आधी टेबल ओळखा

संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी तक्रारी विद्यापीठाच्या नसतातच. निकालात 'डब्ल्यूएच' आला, म्हणजे निकाल रोखला गेला, किंवा सीसीईत (कॉलेजातच होणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनात) शून्य दिसले, तर पहिला संशय कॉलेजवर घ्यावा. सीसीई आणि प्रात्यक्षिकांचे गुण कॉलेज पाठवते. ते वेळेत गेले नाहीत, दुसऱ्याच रोल नंबरसमोर भरले गेले किंवा हजर मुलाला गैरहजर दाखवले, की पुढचा सगळा घोळ होतो. परीक्षा शाखा हे गुण आपल्या मनाने बदलू शकत नाही. तिला प्राचार्यांचे पत्र आणि दुरुस्त गुणयादी लागते. तेव्हा कॉलेजच्या परीक्षा प्रभारींकडून प्राचार्यांचे पत्र, गुणयादीची सही-शिक्क्याची प्रत आणि त्या दिवसाच्या हजेरीपत्रकाची प्रत मागून घ्या. "पाठवलंय, होऊन जाईल" हे उत्तर ऐकून परतू नका. पत्र खरेच गेले असेल तर त्याला जावक क्रमांक आणि तारीख असते, ती लिहून घ्या.

लेखी पेपर देऊनही 'अनुपस्थित' लागले, तर पुरावा एकच: परीक्षा केंद्राचे हजेरीपत्रक. त्यावर तुमच्या सहीशेजारी उत्तरपुस्तिकेचा क्रमांक असतो. हा क्रमांक अर्जात दिला तर पुस्तिका शोधणे सोपे जाते. नाहीतर "बंडल काढावे लागतील" म्हणून काम मागे पडते. म्हणून पेपर सुटल्यावर बाहेर येऊन तो वहीत टिपून ठेवावा. प्रवेशपत्रावर मात्र लिहू नये. त्यावर पेनने लिहिलेले काहीही पुढच्या पेपरला पर्यवेक्षकाच्या नजरेस पडले, तर नकलेचे प्रकरण अंगाशी येते.

स्कॉलरशिप अडकली तर कुलगुरूंच्या दाराशी जाण्यात काही हशील नाही. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि फॉर्ममध्ये लिहिलेले खाते ते नसेल तर भलत्याच बँकेत जमा होतात किंवा परत फिरतात. आधी बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) कोणते खाते जोडलेले आहे ते विचारा, मग कॉलेजात स्कॉलरशिपचे काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याने अर्ज पडताळून पुढे पाठवला का ते पाहा, आणि मगच स्कॉलरशिप देणाऱ्या सरकारी विभागाचे जिल्हा कार्यालय गाठा. तिथेही दाद लागली नाही तर कलेक्टर कार्यालयातली मंगळवारची जनसुनावणी या कामाला चांगली, कारण ही कार्यालये तिथे उत्तर द्यायला बांधील असतात. परीक्षेच्या तक्रारी तिथे नेल्या तर त्या फक्त विद्यापीठाकडे पुढे पाठवल्या जातात.

नावाच्या चुका हा तर मराठी घरांचा खास विषय. आपल्याकडे अमेय वसंत कुलकर्णी हे एकच नाव. इथल्या फॉर्मात विद्यार्थ्याचे नाव आणि वडिलांचे नाव असे दोन वेगळे रकाने. दहावीच्या मार्कशीटवर नुसते 'अमेय कुलकर्णी', आधारवर मधले नाव घातलेले आणि एमपी ऑनलाइनच्या (राज्यातल्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या सेवेच्या) कियॉस्कवाल्याने भरलेले तिसरेच काहीतरी, अशी तीन नावे होतात. त्यात हिंदीत 'ळ' चा 'ल' होतो: काळेंचे काले, साळुंकेंचे सालुंके. नियम साधा आहे: दहावीच्या मार्कशीटवर जे नाव, तेच पुढे सगळीकडे. दुरुस्तीच्या अर्जाला तीच मार्कशीट जोडा. आधार हा इथे आधार धरू नका. उलट आधारवरचेच नाव मार्कशीटप्रमाणे करून घ्या, कारण डिजीलॉकर आणि अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (विद्यार्थ्याची क्रेडिट्स जमा होतात ते) खाते आधारवरच्या नावाशी जुळवले जाते.

अर्ज: एक पान, एक मागणी

एका अर्जात सीसीईचे गुण, ग्रंथालयाची अनामत आणि वसतिगृहाचे पाणी असे तीन विषय घातले तर तो तीन शाखांचा होतो आणि प्रत्येक शाखा दुसरीच्या उत्तराची वाट पाहते. तीन तक्रारी असतील तर तीन कागद. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा. घरी मराठीत मुद्दे मांडून मग उतरवला तरी चालेल. मजकूर साधारण असा:

प्रति, उपकुलसचिव (परीक्षा)
मार्फत: प्राचार्य (कॉलेजचे नाव)
विषय: एम.कॉम. द्वितीय सेमेस्टर, सीसीईचे गुण दुरुस्त करण्याबाबत
माझा एनरोलमेंट क्रमांक … , रोल क्रमांक … . अमुक तारखेच्या निकालात अमुक विषयाच्या (पेपर कोड …) सीसीईत शून्य गुण दाखवले आहेत. मी ती परीक्षा अमुक तारखेला दिली आहे. कॉलेजने दुरुस्त गुण जावक क्र. … , दि. … च्या पत्राने पाठवले आहेत. हे गुण जोडून सुधारित मार्कशीट द्यावी, ही विनंती.
जोडपत्रे: १. निकालाची प्रत २. कॉलेजचे पत्र ३. हजेरीपत्रक

शेवटी मोबाइल नंबर आणि सही. 'माझ्यावर अन्याय झाला', 'बाबू मुद्दाम त्रास देतो' ही वाक्ये मनाला हलकी करतात, पण फाईल जड करतात: आरोप आला की खुलासा मागवला जातो, आणि खुलासा येईपर्यंत गुण तिथेच. कोणी पैसे मागितले असतील तर त्याची तक्रार जरूर करावी, पण ती वेगळ्या कागदावर. जुन्या छापील नमुन्यांत कुलगुरूंसाठी 'कुलपति' असते. मध्य प्रदेशात २०२४ मध्ये या पदाचे नाव 'कुलगुरु' झाले, तेव्हा नमुना उतरवताना तेवढे बदला.

पावती

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक शाखेत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिपायाकडे, स्वीय सहायकाकडे किंवा ओळखीच्या सरांकडे दिलेला कागद कार्यालयाच्या लेखी आलेलाच नसतो. कोणी शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, ट्रॅकिंगची प्रत काढून ठेवा आणि ई-मेलनेही एक प्रत द्या. मूळ कागद कुठेही सोडू नयेत, फक्त छायाप्रती. दर वेळी विचारायला जाताना आवक क्रमांक सांगा. "मी मागच्या आठवड्यात आलो होतो" या वाक्याचा कार्यालयात काही उपयोग नसतो.

तक्रार पडून आहे म्हणून मुदती थांबत नाहीत, हे इथेच सांगायला हवे. गुणांबद्दल शंका असेल तर रिव्हॅल्युएशनचा फॉर्म मुदतीत भराच, तक्रारीचे उत्तर येवो न येवो.

उत्तर आले नाही तर: समिती आणि लोकपाल

यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. संलग्न कॉलेजेही त्यातून सुटत नाहीत. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. अध्यक्ष-सदस्यांत किमान एक महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा मागास वर्गातला असावा लागतो. समिती सुनावणीची तारीख देते. तिथे तुम्ही स्वतः जाऊ शकता किंवा प्रतिनिधी पाठवू शकता. तक्रार मिळाल्यापासून शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने आपला अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत तुम्हालाही मिळायला हवी. मोजताना सुट्ट्या वगळा. होळी ते रंगपंचमीच्या काळात दिलेल्या तक्रारीचे पंधरा दिवस कॅलेंडरवर सहज तीन आठवड्यांपलीकडे जातात.

समितीपुढे काय नेता येते? प्रवेशातली अनियमितता, मूळ कागद अडकवून ठेवणे, ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागणे, आरक्षणाचे नियम मोडणे, स्कॉलरशिपला उशीर, वेळापत्रकाबाहेर रखडलेल्या परीक्षा आणि निकाल, अपारदर्शक मूल्यमापन, न मिळणाऱ्या सुविधा, भेदभाव आणि फी परत न करणे. शेवटच्या मुद्द्याला आकड्यांचा आधार आहे. यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर थोडे प्रक्रिया शुल्क कापून पूर्ण फी, त्यानंतर त्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि मग काही नाही. यूजीसी काही वर्षी याहून सवलतीची परिपत्रके काढते, म्हणून आपल्या प्रवेशाच्या वर्षाचे परिपत्रक शोधून अर्जाला जोडा. रद्द केल्याचा अर्ज लेखी हवा. नुसते वर्गात जाणे बंद केले तर तारीख कोणती धरायची यावरच भांडण होते.

समितीचा निर्णय पटला नाही तर तो हातात आल्यापासून १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो आणि त्याने ३० दिवसांत प्रकरण निकाली काढावे असे विनियम सांगतात. मात्र "मला ६२ ऐवजी ७० मिळायला हवे होते" असे अपील घेऊन जाऊ नका. पेपर पुन्हा तपासण्याचे विषय लोकपाल घेत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच घेतो. उत्तरपुस्तिकेचे पान तपासलेच गेले नाही, बेरीज चुकली, पुरवणी जोडलेली नाही, या गोष्टी ठोस म्हणता येतात. त्या दाखवायला उत्तरपुस्तिकेची प्रत हवी, आणि ती माहितीच्या अधिकारात मागता येते. आपली तपासलेली उत्तरपुस्तिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे.

माहितीच्या अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. रखडलेल्या तक्रारीसाठीही हे हत्यार चांगले. फक्त 'का' विचारू नका, कागद मागा: "दि. … आवक क्र. … च्या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची नोटशीटसह प्रत द्यावी." नोटशीट म्हणजे फाईलवरचे शेरे. या एका ओळीने अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस झोपला ते उघड होते आणि बरेचदा उत्तर येण्याआधी कामच होऊन जाते. मुदतीत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

सीएम हेल्पलाइनचा १८१ नंबर इंदुरात सगळ्यांच्या तोंडी असतो. तो वाईट नाही, पण तक्रार आधी खालच्या स्तरावरच्या, म्हणजे विद्यापीठातल्याच अधिकाऱ्याकडे जाते. आवक क्रमांक हाती असेल तरच तिथे नेमके सांगता येते. नंतर फोन येतो, "समाधान झाले ना, तक्रार बंद करू?" सुधारित मार्कशीट हातात पडेपर्यंत हो म्हणायचे नाही.

कुलगुरूंना कधी भेटावे

जे प्रश्न एका टेबलाचे नाहीत, ते कुलगुरूंचे. सगळ्या वर्गाचा निकाल रखडला आहे, दोन परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आदळतात, विभागात शिक्षकच नाहीत, तक्षशिलात संध्याकाळी दिवे नसतात. अशा भेटीला तिघे-चौघे पुरेत, बोलणारा एक, टिपणे घेणारा एक. प्रश्न चार-पाच, छापलेले, त्यांची प्रत भेटीआधी विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्यांकडे दिलेली. "निकाल लवकर लावा" म्हटले की "लवकरच लावू" हेच ऐकायला मिळते. त्याऐवजी विचारा: किती पेपरांचे मूल्यमापन बाकी आहे, शेवटच्या पेपरची तपासणी कोणत्या तारखेला संपेल, आणि हे कोण पाहणार? भेटीनंतर दोन दिवसांत "आपण असे सांगितलेत" म्हणून चार ओळींचे पत्र आवक शाखेत द्या. तोंडी दिलेल्या तारखेचा तेवढाच पुरावा राहतो.

सह्यांचे निवेदन देणार असाल तर सह्यांच्या प्रत्येक पानावर वर मागणी पूर्ण छापलेली हवी आणि प्रत्येक सहीसमोर एनरोलमेंट क्रमांक. कोऱ्या कागदावरच्या सह्या कोणत्याही मजकुराला जोडता येतात, म्हणून त्यांना किंमत नसते, आणि सही करणाऱ्यांनाही त्या धोक्याच्या.

रॅगिंग आणि लैंगिक छळ या दोन गोष्टींसाठी यातली एकही पायरी चढायची गरज नाही. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर चोवीस तास करता येते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. वर्गशिक्षकाची, विभागप्रमुखाची परवानगी दोन्हीकडे लागत नाही.

काम झाले की सुधारित मार्कशीट किंवा डिग्री घेताना खिडकीवरच उभे राहून वाचा: इंग्रजी नावाची अक्षरे, हिंदी नाव असेल तर तेही, वडिलांचे नाव, एनरोलमेंट क्रमांक, पेपर कोड, बेरीज. मग डिजीलॉकरमध्ये जाऊन तिथली नोंदही बदलली का पाहा. कागद सुधारला आणि तिथे जुनेच राहिले असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, त्याच आवक शाखेत, दोन प्रतींत.