मेझेंटरीची सिस्ट: हात, सीटी आणि टेबल

मेझेंटरी म्हणजे लहान आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारा, रक्तवाहिन्या वाहून नेणारा पडदा; त्यात होणारी द्रवाने भरलेली गाठ म्हणजे मेझेंटरीची सिस्ट. प्रौढांमध्ये साधारण एक लाख दाखल रुग्णांमागे एक, मुलांमध्ये वीस हजारांमागे एक, असं हिचं प्रमाण सांगतात. म्हणजे रेसिडेन्सीत एखादीच वाट्याला येईल. ती सोनोग्राफीच्या कागदावर भेटण्याआधी हाताखाली भेटावी, असं मनापासून वाटतं.

मेझेंटरीचं मूळ जेमतेम १५ सेंटिमीटरचं. दुसऱ्या कंबरमणक्याच्या डावीकडून उजव्या सॅक्रोइलियाक (माकडहाड-कटीच्या) सांध्याकडे ते तिरकं उतरतं. बेंबीजवळचा मऊ गोळा या रेषेला काटकोनात, म्हणजे उजव्या बरगडीखालून डाव्या जांघेकडे, सहज सरकतो. रेषेच्या दिशेने मात्र अडतो. ही तियोची खूण. गोळ्यावर ठोकलं तर मंद आवाज, भोवती पोकळ. चारही दिशांना फिरला तर ओमेंटमचा (आतड्यांवर पुढून लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्याचा) विचार करा. बाईच्या पोटात ओव्हरीची सिस्ट आधी नाकारायची.

निदानासाठी सुई घालू नका. हायडॅटिड (जंताची गाठ) निघालं तर पाणी पोटात सांडतं, ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) होऊ शकतो. नुसतं पाणी काढलं तर सिस्ट पुन्हा भरतेच. कॉन्ट्रास्ट सीटीत गोळ्याच्या मापापेक्षा सुपीरियर मेझेंटेरिक धमनी आणि शीर कुठे आहेत ते बघा.

पोट उघडल्यावर आतड्याचं वेटोळं बाहेर घ्या आणि मेझेंटरी दिव्यासमोर धरा. रक्तवाहिन्या उठून दिसतात. खरा निर्णय इथेच होतो. कायलोलिम्फॅटिक (लिम्फने भरलेल्या) सिस्टची भिंत पातळ आणि रक्तपुरवठा स्वतंत्र असतो. वरचं पेरिटोनियम (पातळ आवरण) वाहिन्यांना समांतर कापून ती पीनटने (चिमट्यात धरलेल्या गॉजच्या छोट्या गोळीने) सोलून निघते. एंटेरोजेनस (आतड्यापासून बनलेल्या) सिस्टची भिंत जाड, आतून म्युकोसा (आतड्यासारखं अस्तर), आणि पुरवठा शेजारच्या आतड्याशी सामायिक. ती सोलायला गेलात की आतडं काळं पडतं, म्हणून तेवढं आतडं सोबत काढून जोड द्यायचा. शंका असेल तर रक्तवाहिनीची शाखा बांधण्याआधी तिला बुलडॉग क्लॅम्प (छोटा तात्पुरता चिमटा) लावा, गरम मॉप ठेवा, काही मिनिटं थांबा. आतड्याचा रंग, पेरिस्टाल्सिस (हालचाल), कडेची नाडी बघा. ही मिनिटं घाईत खाऊ नका.

सिस्ट मुळाशीच धमनीला चिकटली असेल तर पूर्ण काढण्याचा हट्ट नको. निघेल तेवढी भिंत काढा, उरलेलं अस्तर जपून जाळा आणि पुन्हा होऊ शकते हे नातेवाइकांना आधीच सांगा.

सिस्ट काढल्यावर मेझेंटरीत उरलेली खिडकी शिवायची राहिली तर आतडं तिच्यातून शिरून अडकतं. लिम्फच्या बारीक नळ्या नुसत्या कॉटरीवर (विजेने जाळण्यावर) न सोडता बांधा. रुग्ण जेवू लागल्यावर ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या नळीतलं) पाणी दुधाळ झालं तर त्यातलं ट्रायग्लिसराइड तपासायला पाठवा. डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो काइल (आतड्यातली चरबी वाहून नेणारा लिम्फ) समजा आणि साधी चरबी बंद करून एमसीटीवर (मध्यम साखळीच्या चरबीवर) ठेवा. ड्रेन काढायची घाई करू नका.