मुगाला मोड आणताय? या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात घरोघरी मूग भिजत पडतात. मुगागाठीशिवाय, म्हणजे मोडाच्या मुगाच्या नारळ घातलेल्या भाजीशिवाय, सणाचं पान पुरं वाटत नाही. पण मोड बिघडण्याचे दिवसही हेच. गेल्या श्रावणात फोंड्याला आमच्या घरी झाकण उघडलं तर भप्पकन आंबूस वास आला, मुगाला तार सुटलेली. भिजलेले मूग नीट न निथळता फडक्यात बांधले होते आणि डबा घट्ट लावला होता. मोड येताना दाणा श्वास घेतो, आतून गरम होतो. त्याला ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. आठेक तास भिजवा, ते पाणी टाका, चाळणीत पूर्ण निथळू द्या. पावसाळ्यात दिवसातून तीनदा धुवा आणि झाकण सैल ठेवा. कोंबाजवळ पांढरी लव दिसली तर घाबरू नका. धुतल्यावर बसली तर ते मुळांचे बारीक केस. चिकट जाळी राहिली आणि वास आला तर सगळे मूग टाका.

दुसरी चूक म्हणजे मोड जितके लांब तितके गुणकारी, हा समज. दाणा जागा झाला की त्यातलं फायटेज हे विकर (एन्झाइम) लोह-जस्त बांधून ठेवणारं फायटिक आम्ल तोडू लागतं, म्हणून लोह आणि जस्त अंगी लागायला सोपं जातं. पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोजसारख्या शर्करा पहिल्या दोन-तीन दिवसांतच बऱ्याच कमी होतात. कोरड्या मुगात नाममात्र असलेलं क जीवनसत्त्वही वाढतं. भाजीला सेंटिमीटरभर कोंब पुरे. पुढे दाणा आपलाच साठा खात जातो आणि चव उतरते.

आता सालींविषयी. मुगागाठीसाठी आपण मोड पाण्यात चोळून साली काढतो. दिसायला सुरेख, पण मुगातली व्हायटेक्सिन, आयसोव्हायटेक्सिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं मुख्यतः सालीतच असतात. लोह अडवणारी टॅनिनंही तिथेच, हे खरं. तरी माझं मत सांगते: चवथीला साली काढा, रोजच्या उसळीत राहू द्या आणि वर लिंबू पिळा. उसळ झाकून, बेताच्या पाण्यात शिजवा. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं आणि पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून देऊ नका.

कच्चे मोड खाण्याचा आग्रह मात्र सोडा. जी ऊब कोंबाला लागते तीच जंतूंनाही मानवते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय या जंतूने पन्नासहून अधिक माणसं दगावली. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना तरी शिजवूनच द्या. राजमा मोड आले तरी कच्चा विषारीच. तो खळखळ उकळावाच लागतो. ज्वारीला मोड आणूच नका, कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य वाढतं.

नाचणीचं तिझन, म्हणजे गोड पेज, करणाऱ्यांसाठी एक: मोड आलेली नाचणी वाटून गाळली की चोथ्याबरोबर तंतू आणि सालीतली द्रव्यं जातात. तान्ह्या बाळासाठी गाळा, मोठ्यांसाठी नको. आणि पावसात अर्धवट वाळलेली नाचणी दळू नका, पिठाला बुरशी धरते. मंद तव्यावर परतून घ्या. दाणा दाताखाली कट्ट वाजला की मगच गिरणीत न्या.