शेजाऱ्याकडून हरल्यावर या चुका टाळा : भारत-बांगलादेश फुटबॉलमधून घेतले जाणारे चुकीचे धडे

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात बांगलादेशनं भारताला १-० असं हरवलं. अकराव्या मिनिटाला राकिब हुसेन सुटला, त्यानं गोलसमोर चेंडू टाकला आणि शेख मोरसालिननं तो जाळ्यात सारला. उरलेला वेळ आपण बरोबरीचा गोल शोधत राहिलो. तेव्हा जागतिक क्रमवारीत भारत १३६ वा होता आणि बांगलादेश १८३ वा. त्याआधी त्यांच्या पुरुष संघानं आपल्याला शेवटचं हरवलं होतं ते २००३ च्या जानेवारीत, त्याच शहरात, मतिउर मुन्नाच्या गोल्डन गोलनं (जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथंच संपायचा). मधे बावीस वर्षं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्राउंडवर पोचलो तर पोरांच्या आधी पालक हजर. मी कोल्हापुरात दहा ते चौदा वयाच्या मुलामुलींना शिकवतो, अठरा वर्षं झाली. शेजाऱ्याकडून हरलो की ग्राउंडच्या कडेला होणारं बोलणं मला आता पाठ झालं आहे. कोच बदला, बाहेरून खेळाडू आणा, पोरांचा सराव दुप्पट करा. त्याच त्या चुका किती वेळा ऐकायच्या, म्हणून एकदा लिहून काढतो आहे.

चूक पहिली : कारण त्या नव्वद मिनिटांत शोधणं

कोच खालिद जमीलनं ऑगस्टमध्ये भारताचा संघ हातात घेतला होता. तीन महिन्यांत कुठलाही कोच पंचविशीचा आघाडीपटू घडवत नाही. तरी खापर त्याच्यावर फुटलं, कारण सगळ्यांनी एकच सामना पाहिला होता.

माझी एक जुनी सवय आहे. एखादा सामना जिव्हारी लागला की मी वहीत तो धरून त्याच दोन संघांचे शेवटचे पाच सामने लिहितो. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, आणि तेव्हा त्याचं वय किती होतं, एवढंच. भारत-बांगलादेशची नोंद अशी निघाली. ऑक्टोबर २०१९, कोलकाता, १-१. साद उद्दीननं त्यांना पुढे नेलं आणि ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या आदिल खाननं डोक्यानं बरोबरी साधली. जून २०२१, दोहा, २-० असा आपला विजय. पण ७९ व्या मिनिटापर्यंत गोलशून्य, आणि दोन्ही गोल सुनील छेत्रीचे. ऑक्टोबर २०२१, माले, १-१. आपला गोल पुन्हा छेत्रीचा, आणि बरोबरी केली ती दहा जणांत खेळणाऱ्या बांगलादेशनं. मार्च २०२५, शिलाँग, ०-०. मग ढाका.

पाच सामने, आपले चार गोल. तीन छेत्रीचे, एक बचावपटूचा. सहा वर्षांत भारताच्या दुसऱ्या एकाही आघाडीपटूला बांगलादेशविरुद्ध गोल करता आलेला नाही. शिलाँगला तर निवृत्ती मागे घेऊन आलेला छेत्री चाळिशीत आघाडीवर उभा होता. ही नोंद आधी केली असती तर ढाक्याचा निकाल कुणाला अचानक वाटला नसता. राग शांत व्हायलाही वहीचा उपयोग होतो, पण माझ्या दृष्टीनं तिचा खरा फायदा असा की प्रश्न नीट दिसतो. आपल्याला गोल करणारा माणूस तयार करता आलेला नाही.

चूक दुसरी : "आपल्याकडंबी एखादा हमजा आणायला पाहिजे"

हे वाक्य त्या सकाळी तीन वेगवेगळ्या पालकांनी उच्चारलं. हमजा चौधरीचा जन्म इंग्लंडमधल्या लफबराचा, आई बांगलादेशी, गाव हबीगंजकडचं. सात वर्षांचा असल्यापासून तो लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबच्या अकादमीत होता. इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळला, २०२१ मध्ये लेस्टरबरोबर एफए कप जिंकला आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशकडून पहिला सामना खेळला. मैदानात त्याचा फरक दिसतो, यात शंका नाही.

पण बांगलादेशनं ही वाट एका रात्रीत धरली नाही. डेन्मार्कमध्ये वाढलेला जमाल भुइयां २०१३ पासून त्यांच्याकडून खेळतो आहे. मग फिनलंडचा तारिक काझी आला, हमजानंतर कॅनडाचा शमित शोम आला. त्यांचा कायदा अनेक देशांच्या बाबतीत दुहेरी नागरिकत्वाला मुभा देतो. आपल्याकडे भारताचा पासपोर्ट नसेल तर देशासाठी खेळता येत नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताचे वडील भारतीय. त्यानं जपानचा पासपोर्ट सोडला तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्याला भारताची जर्सी मिळाली. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे आपल्या संघात होता, कारण त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट होता. बंगळूरु एफसी क्लबच्या रायन विल्यम्सची आई मुंबईची, आणि आजोबा संतोष ट्रॉफी या राज्यांच्या स्पर्धेत बॉम्बेकडून खेळलेले. त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, संघाबरोबर ढाक्याला गेला, आणि कागदपत्रं वेळेत पूर्ण न झाल्यानं त्या सामन्यात खेळू शकला नाही.

असे खेळाडू यावेत, मला मनापासून हवे आहेत. परदेशात वाढलेली मराठी घरांतली पोरंही यावीत. पण याला खेळाडू घडवणं म्हणू नका. हमजाला घडवलं लेस्टरनं. आणि हमजा असूनही बांगलादेश ढाक्यातच सिंगापूरकडून १-२ आणि हाँगकाँगकडून ३-४ असा हरला. गटातून आशियाई चषकाला गेलं सिंगापूर, आपण दोघंही घरी राहिलो. आपल्याविरुद्धचा तो एकमेव गोल करणारा मोरसालिन बांगलादेशातच वाढलेला आहे.

एका वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, मग पोराला आत्ताच इंग्लंडला धाडू काय?" पोरगा अकरा वर्षांचा, डावा पाय अजून चेंडूला लागत नाही. मी त्यांना सांगितलं, घरामागच्या भिंतीवर रोज डाव्या पायानं शंभर वेळा चेंडू मारू दे आणि सहा महिन्यांनी या. घाई झालेल्या पालकांना माझं हे उत्तर आवडत नाही. मी ते बदललेलं नाही.

चूक तिसरी : गोल करण्याची जागा परक्याला देऊन टाकणं

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण या चुकीत माझाही वाटा आहे.

इंडियन सुपर लीग २०१४ ला सुरू झाली. २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लबांना ताबडतोब गोल हवे असतात, म्हणून नऊ नंबरची, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीपटूची जर्सी परदेशी खेळाडूला जाते आणि आपला पोरगा विंगवर, नाहीतर बाकावर. बांगलादेशच्या प्रीमियर लीगमध्येही बहुतेक गोल परदेशीच करतात. म्हणजे या बाबतीत शेजाऱ्याकडं बघून शिकण्यासारखं काही नाही, दोघंही एकाच दुखण्यानं आजारी आहोत.

आमच्याकडेही पेठांचे संघ परदेशी खेळाडू उतरवतात. शाहू स्टेडियम भरतं, लोक ईर्ष्येनं येतात, संघाला करंडक पाहिजे असतो. माझ्याकडे एक पोरगा नवव्या वर्षापासून होता. डावखुरा, अंगानं बारीक, पण गोलच्या समोर चेंडू कुठं पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. हे शिकवता येत नाही, जपता मात्र येतं. सतराव्या वर्षी तो एका मोठ्या संघात गेला. तिथं आघाडीवर परदेशी खेळाडू होता, ताकदीचा. माझ्या पोराला लेफ्ट बॅकला, म्हणजे मागं डावीकडं बचावाला टाकलं. तो मला विचारायला आला आणि मी त्याला म्हणालो, "मिळेल ती जागा घे, संघात तर राहशील." शहाणपणाचा सल्ला दिला असंच मला तेव्हा वाटलं.

दोन हंगाम तो मागं खेळला. तो परदेशी खेळाडू गेला, त्याच्या जागी दुसरा आला. एका सामन्यात दोन्ही आघाडीपटू जायबंदी झाले तेव्हा पोराला पुढं पाठवलं. गोलपासून सहा यार्डांवर चेंडू त्याच्या पायात आला आणि त्यानं मागं पास दिला. मी गॅलरीत होतो. सामना संपल्यावर तो भेटला आणि म्हणाला, "सर, गोलासमोर उभं राहायचं विसरलंय मला." वर्षभरात त्यानं खेळ सोडला. आज गोकुळ शिरगावला कामाला जातो, वाटेत भेटला की थांबतो. मी त्याला बाकावर बसायला सांगायला हवं होतं, किंवा आघाडीवर खेळवणाऱ्या लहान संघाकडं पाठवायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. बारा वर्षांपर्यंत सगळे सगळ्या जागी खेळतात, गोलकीपिंगसुद्धा. तेराव्या वर्षी ज्याला गोलचा वास येतो असं दिसतं त्याला मी आघाडीवरून हलवत नाही, भले तो चार सामने चुकत राहो. सरावाची शेवटची वीस मिनिटं फक्त गोलवर फटके, समोर गोलकीपर आणि अंगावर येणारा एक बचावपटू. रांग लावून, आरामात, मोकळ्या गोलवर मारायला मी देत नाही. अशी सवय लागलेली पोरं सामन्यात पहिला धक्का बसला की गोंधळतात. हे शास्त्रात बसतं की नाही यावर दुसरे कोच वाद घालतात. घालू देत.

काही चुका, थोडक्यात

क्रमवारीवरून सामन्याचा निकाल आधीच ठरवू नका. ४७ क्रमांकांचं अंतर ढाक्यात अकरा मिनिटं टिकलं.

वयाचा दाखला "दुरुस्त" करून आणू नका. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. आणि नाही कळलं तरी पंधरा वर्षांचा पोरगा बारा वर्षांखालच्यांत खेळवून जिंकलेला करंडक त्या पोराला अंगावर धावण्यापलीकडं काही शिकवत नाही. असा दाखला घेऊन आलेल्या पालकांना मी दारातून परत पाठवतो.

शेजाऱ्यांच्या खेळाडूंना मोबाइलवर शिव्या घालू नका. तुमची पोरं ते वाचतात.

चूक चौथी : मुलींचा सामना सामन्यात न धरणं

२०२५ च्या पराभवानं हादरलेल्या लोकांना २०२२ चा पराभव माहीतच नव्हता. सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या महिला स्पर्धेची पहिली पाचही विजेतेपदं भारताची. जानेवारी २०१७ मध्ये सिलीगुडीच्या अंतिम सामन्यात आपण बांगलादेशला ३-१ नं हरवलं, २०१९ ला विराटनगरच्या उपांत्य सामन्यात ४-० नं. मग सप्टेंबर २०२२, काठमांडू, बांगलादेश ३, भारत ०. ऑक्टोबर २०२४, पुन्हा काठमांडू, बांगलादेश ३, भारत १. दोन्ही वेळा करंडक त्यांनी नेला.

हे कुठून आलं? मैमनसिंह जिल्ह्यात, मेघालयच्या सीमेजवळ, कलसिंदूर नावाचं गाव आहे. २०११ मध्ये बांगलादेशनं प्राथमिक शाळांच्या मुलींसाठी देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू केली. कलसिंदूरच्या सरकारी शाळेतल्या मफीजउद्दीन या शिक्षकांनी मुली जमवल्या, घरोघरी जाऊन आईबापांना समजावलं, आणि त्या शाळेनं लागोपाठ विजेतेपदं मिळवली. त्यातल्या निवडक मुलींना बांगलादेशच्या फुटबॉल महासंघानं ढाक्याच्या आपल्या इमारतीत राहायला आणलं. कोच गुलाम रब्बानी छोटन यांच्या हाताखाली त्याच मुली वर्षानुवर्षं एकत्र राहिल्या, एकत्र खेळल्या. २०२२ च्या विजेत्या संघात एकट्या कलसिंदूरच्या आठ जणी होत्या. त्यांत मारिया मांदा, संजिदा अख्तर आणि शमसुन्नहार नावाच्या दोघी. शिवाय रांगामाटीच्या डोंगरातून रितुपर्णा आणि रूपना चकमा आल्या.

शाळेच्या मैदानापासून काठमांडूच्या करंडकापर्यंत अकरा वर्षं लागली. मधे सिलीगुडी आणि विराटनगरचे पराभव पचवावे लागले, आणि तरी त्या मुलींना कुणी घरी पाठवलं नाही. यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. तिथंही सगळं आलबेल नाही. २०२५ च्या सुरुवातीला अठरा खेळाडूंनी कोच पीटर बटलर यांच्याविरुद्ध बंड केलं. तरी जुलैमध्ये रितुपर्णाच्या दोन गोलांवर म्यानमारला २-१ नं हरवून बांगलादेश पहिल्यांदा महिला आशियाई चषकाला पात्र ठरला. त्याच आठवड्यात आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ग्राउंडच्या कडेला त्याबद्दल मला एकानंही विचारलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ढाक्यात १९ वर्षांखालील मुलींच्या सॅफ स्पर्धेचा भारत-बांगलादेश अंतिम सामना झाला. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा जणींनी, गोलकीपरसकट, गोल केले, ११-११. अधिकाऱ्यांनी नाणं उडवलं आणि भारताला विजयी ठरवलं. बांगलादेशनं हरकत घेतली, मोठा गोंधळ झाला आणि शेवटी दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. मी या सामन्याबद्दल मुलींना सांगतो तेव्हा नाण्यावर फारसा थांबत नाही. पहिली पेनल्टी घेणारीपासून गोलकीपरपर्यंत बावीस पोरी त्या आवाजात चालत गेल्या आणि एकीचाही पाय डगमगला नाही, हे सांगतो.

आमच्याकडे पूर्वी मुलींना ग्राउंड मिळायचं ते मुलांचा सराव आटोपल्यावर, ऊन चढलेलं असताना. आता सकाळी सहा ते साडेसात मुलींची वेळ आहे आणि मुलं त्यानंतर येतात. सुरुवातीला काही पालकांनी कुरकुर केली, दोघांनी पोरं काढून नेली. सध्या सतरा मुली आहेत. दर शनिवारी त्या प्रत्येकी दोन पेनल्टी मारतात, गोलकीपरही.